डुकरापासून की जंतूपासून? इन्सुलिनची गोष्ट

आपल्या रेडिओवर मी नेहमी बचतीचं, हप्त्यांचं आणि बँकेच्या कागदांचं बोलते. आज मात्र एका औषधाचा इतिहास सांगणार आहे. कारण एका काकूंनी मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मी वेळेवर दिलं नाही.

आमच्या गटातल्या या काकू साठीच्या पुढच्या. गळ्यात तुळशीची माळ, वारी कधी चुकवत नाहीत. त्यांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. एका बैठकीत हप्ते गोळा करून झाले, सतरंजी झटकायला घेतली, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ताई, ते इंजेक्शन डुकरापासून करतात म्हणे. खरं का?" कुणीतरी त्यांना लग्नात सांगितलं होतं. मी म्हटलं, "विचारून सांगते." वहीत लिहूनही ठेवलं. मग ऑडिट आलं, कर्जाच्या फायली आल्या, आणि ते राहून गेलं. पुढच्या बैठकीला काकू आल्याच नाहीत. त्यांनी त्याच दिवसापासून इंजेक्शन बंद केलं होतं. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली आणि त्या दवाखान्यात दाखल झाल्या.

त्यानंतर मी विचारायला लागले, वाचायला लागले. माझं बी.ए. इतिहासात झालंय, विज्ञान दहावीनंतर सुटलं. तरी ही गोष्ट मला समजली, म्हणजे तुम्हालाही समजेल. सगळ्यात आधी मला हे कळलं की काकूंना कुणी खोटं सांगितलं नव्हतं. जे सांगितलं ते जुनं होतं. साठ वर्षं ते खरं होतं. मग ते बदललं, आणि बदलल्याची बातमी आपल्या गावापर्यंत पोचली नाही.

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. ती इन्सुलिन तयार करते. जेवणातली साखर रक्तात येते, आणि ती शरीराच्या कामी लागायला इन्सुलिन हवं. शंभर वर्षांपूर्वी ज्या मुलांच्या अंगात इन्सुलिन बनत नसे, ती काही महिन्यांत किंवा फार तर एक-दोन वर्षांत जात. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरोंटो शहरात फ्रेडरिक बँटिंग हा डॉक्टर आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढायला सुरुवात केली. त्यांना प्रयोगशाळा दिली होती प्राध्यापक मॅक्लाउड यांनी. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क शुद्ध नव्हता, तो नीट लागू पडला नाही. जेम्स कोलिप या रसायनतज्ज्ञाने तो आणखी शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा दिला, आणि मुलाची साखर उतरली. तो पुढे तेरा वर्षं जगला.

तो अर्क बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेला होता. पुढे कंपन्यांनी औषध बनवायला घेतलं, तेव्हा कत्तलखान्यातून गायीबैलांच्या आणि डुकरांच्या ग्रंथी गोळा होऊ लागल्या. दोन टनांहून जास्त ग्रंथी आणि अवयव वापरावे, तेव्हा जेमतेम पाव किलोच्या आसपास शुद्ध इन्सुलिन हाती येई. त्या इन्सुलिनने लाखो जीव वाचवले, हे विसरून चालणार नाही. पण ते माणसाच्या इन्सुलिनसारखं तंतोतंत नव्हतं. काहींच्या अंगावर त्याने गांधी उठत, सुई टोचली तिथे त्रास होई. शिवाय शुगरचे रुग्ण वाढत होते आणि ग्रंथींचा पुरवठा मांसाच्या बाजारावर अवलंबून होता. पुढे इन्सुलिन पुरेल का, ही चिंता होतीच.

मग प्राण्याशिवाय ते का बनवता येईना? त्यासाठी इन्सुलिन म्हणजे काय ते आधी बघू. ते एक प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मणी वीस प्रकारचे, आणि ते कोणत्या क्रमाने ओवायचे हे ठरलेलं असतं. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी दहा वर्षं खपून १९५५ पर्यंत इन्सुलिनचे सगळे मणी मोजले. एकूण ५१ मणी, दोन माळांत. एक २१ मण्यांची, दुसरी ३० मण्यांची. डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये फरक फक्त एका मण्याचा. गायीच्या आणि माणसाच्यात तीन मण्यांचा.

पण नुसती माळ ओवून भागत नाही. नऊवारीचं बघा. कापड तेच असतं, पण निऱ्या आणि काष्टा नीट बसला नाही तर ते लुगडं अंगावर टिकत नाही. प्रथिनालाही त्याची ठरलेली घडी लागते. घडी चुकली तर मणी सगळे असूनही ते काम करत नाही. इन्सुलिनची ही घडी पहिल्यांदा दाखवली एका बाईने. डोरोथी हॉजकिन त्यांचं नाव. १९३४ साली इन्सुलिनचे बारीक स्फटिक त्यांनी क्ष-किरणांसमोर धरले, आणि संपूर्ण रचना उलगडली १९६९ साली. पस्तीस वर्षं! तरुणपणापासून त्यांच्या हातांना संधिवात होता, बोटं वाकडी झाली होती, तरी काम सोडलं नाही. मधल्या काळात दुसऱ्या कामासाठी त्यांना १९६४ चं नोबेल मिळालं. त्यांच्या इन्सुलिनच्या गटात एम. विजयन हे आपले भारतीय शास्त्रज्ञही होते.

आता जंतूंकडे येऊ. जंतू म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण रोज रात्री विरजण लावतो तेव्हा जंतूंनाच कामाला लावतो. शास्त्रज्ञांनी निवडला तो ई. कोलाय नावाचा जंतू. त्याचे काही प्रकार आजार करतात, पण बरेचसे आपल्या आतड्यात निमूट राहतात. चांगलं खाणं आणि ऊब मिळाली तर वीस-वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी दाखवून दिलं की दुसऱ्या जिवाचं जनुक या जंतूत बसवता येतं. जनुक म्हणजे माळ कशी ओवायची याची चिठ्ठी. चिठ्ठी दिली की जंतू ती वाचतो आणि तशी माळ ओवतो. १९७६ साली बॉयर आणि रॉबर्ट स्वॉन्सन या तरुणाने प्रत्येकी पाचशे डॉलर घालून जेनेनटेक ही कंपनी सुरू केली. आपल्या गटासारखीच, थोड्या भांडवलावर.

लोक घाबरले नाहीत का? घाबरले, आणि त्यांनी प्रश्नही विचारले. १९७५ च्या फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी स्वतःच बैठक घेऊन अशा प्रयोगांना काय बंधनं हवीत ते ठरवलं. १९७६ साली अमेरिकेतल्या केंब्रिज शहराच्या नगरपरिषदेने असे काही प्रयोग थांबवले आणि नागरिकांची समिती नेमली. समितीत परिचारिका होती, इंजिनिअर होता, डॉक्टर होता, व्यावसायिक होता. या विषयातला संशोधक एकही नव्हता. त्यांनी महिनोन्‌महिने ऐकून घेतलं आणि काळजीचे नियम घालून परवानगी दिली. मला हा भाग फार आवडला. आपल्या ग्रामसभेतही प्रश्न असेच विचारायला हवेत: पूर्ण ऐकून, आणि उत्तर मिळेपर्यंत.

चिठ्ठी दिली म्हणजे काम झालं, असं मात्र झालं नाही. पहिला प्रयत्न इन्सुलिनचा नव्हताच. सोमॅटोस्टॅटिन नावाचं एक लहान संप्रेरक आहे, फक्त १४ मण्यांचं. ते शोधणाऱ्यांना अभ्यासापुरतं पाच मिलिग्रॅम मिळवायला सुमारे पाच लाख मेंढ्यांचे मेंदू लागले होते. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेत केइची इताकुरा आणि आर्थर रिग्ज यांनी त्याचं जनुक रसायनांपासून तयार केलं, आणि बॉयर यांच्या गटाने ते जंतूत बसवलं. हाती काय आलं? काहीच नाही. जंतूने माळ ओवली होती, पण परकी आणि आखूड माळ दिसताच त्याच्याच आतल्या कात्र्यांनी तिचे तुकडे केले होते.

मग त्यांनी एक युक्ती केली. जंतूचं स्वतःचं एक मोठं प्रथिन असतं, त्याच्या शेपटाला ही छोटी माळ जोडून टाकली. जंतूला वाटलं, हे आपलंच आहे. त्याने कात्री लावली नाही. नंतर जंतू फोडून, ते मोठं प्रथिन बाहेर काढून, एका रसायनाने बरोबर जोडावर कापलं. ते रसायन एकाच जातीच्या मण्यापाशी कापतं, आणि तो मणी सोमॅटोस्टॅटिनमध्ये कुठेच नाही. म्हणून जोड सुटला आणि माळ अखंड राहिली. गर्दीच्या यात्रेत पोराला आपल्या पदराला बांधून नेतो ना, तसंच हे.

त्याच वाटेने इन्सुलिन. पण इन्सुलिनच्या माळा दोन, आणि त्यांना जोडणारे गंधकाचे हूक आहेत. ब्लाउजला असतात तसेच समजा. दोन हूक माळांच्या मध्ये, एक लहान माळेच्या आतच. जंतूच्या पोटात हे हूक नीट लागत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी काम वाटून घेतलं. एका जंतूला लहान माळेची चिठ्ठी, दुसऱ्याला मोठ्या माळेची. दोन्ही माळा मोठ्या प्रथिनाच्या पदराला बांधून वाढवल्या, कापल्या, शुद्ध केल्या, आणि बाहेर काचेच्या भांड्यात एकत्र आणून हूक लावले. डेव्हिड गोडेल, डेनिस क्लीड, रॉबर्टो क्रिआ, इताकुरा, रिग्ज असे कितीतरी हात त्यात होते. ऑगस्ट १९७८ मध्ये जंतूंनी केलेल्या माळांपासून पहिलं मानवी इन्सुलिन जुळलं आणि ६ सप्टेंबरला ते जगाला सांगितलं. तेव्हा हार्वर्ड विद्यापीठाचा गटही याच शर्यतीत होता. पण ते माणसाच्या शरीरातलं जनुक वापरू पाहत होते, त्याला कडक नियम लागू होते. जेनेनटेकचं जनुक रसायनांपासून बनवलेलं, म्हणून त्यांची वाट मोकळी होती.

प्रयोगशाळेत थेंबभर बनवणं वेगळं आणि गावोगावी पुरेल इतकं बनवणं वेगळं. लोणचं घरापुरतं घालणं आणि ऑर्डरीसाठी घालणं यातला फरक आपल्याला ठाऊक आहे. एली लिली या अमेरिकी कंपनीने ते काम हाती घेतलं. जंतूंकडून भरपूर माळा करून घ्यायला लागल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की जंतूंच्या पोटात गुठळ्या झाल्या आहेत. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ते प्रसिद्ध केलं. कारण आपल्या पिठल्यासारखंच. मोठ्या आचेवर भसकन बेसन ओतलं की गुठळ्या होणारच. माळा इतक्या भराभर तयार होतात की घडी पडायला उसंत मिळत नाही, आणि त्या एकमेकींना चिकटून बसतात.

पण या गुठळ्या फेकून द्याव्या लागत नाहीत. तीव्र रसायनात त्या विरघळवतात, माळा पूर्ण उलगडतात, मग रसायन हळूहळू कमी करत त्यांना पुन्हा घडीवर येऊ देतात. या कामी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं एक रसायन म्हणजे युरिया. होय, आपण शेतात टाकतो तोच, फक्त अतिशय शुद्ध. उलगडलेली माळ आपली आपण पुन्हा घडीवर येऊ शकते, हे क्रिश्चन अँफिन्सन यांनी एका दुसऱ्या प्रथिनावर आधीच दाखवलं होतं, त्याबद्दल त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं. १९८६ पासून लिली कंपनीने दोन वेगळ्या माळांची पद्धत सोडली. आपल्या शरीरात इन्सुलिन आधी एकाच लांब माळेचं बनतं आणि मग मधला भाग कापला जातो. तीच लांब माळ जंतूकडून करून घ्यायची, घडी घालायची, मग मधला भाग कापायचा.

१९८० साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये १७ निरोगी माणसांना हे इन्सुलिन देऊन पाहिलं. ऑक्टोबर १९८२ मध्ये अमेरिकी सरकारने परवानगी दिली. १९२२ ते १९८२, ही ती साठ वर्षं.

आपल्या देशातली गोष्टही सांगते. १९७८ साली, त्याच वर्षी, बंगळूरमध्ये किरण मजुमदार नावाच्या २५ वर्षांच्या मुलीने भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये दहा हजार रुपयांवर बायोकॉन कंपनी सुरू केली. बाई म्हणून बँका कर्ज द्यायला तयार नव्हत्या. हे ऐकून आपल्यापैकी कितीजणी हसल्या असतील! पुढे २००३ साली मुंबईच्या वोक्हार्टने आणि २००४ साली बायोकॉनने भारतात बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. त्यांनी ई. कोलायऐवजी यीस्ट वापरलं, म्हणजे पाव फुगवायला घालतो त्या जातीचा सूक्ष्म जीव. जंतू असो की यीस्ट, जनावराची ग्रंथी त्यात लागत नाही.

आज हीच पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत रोज चालते. अवघड प्रथिन हवं असेल तर जंतूंना ३७ अंशांऐवजी अठरा-वीस अंशांवर ठेवतात, म्हणजे मंद आचेवर. घडी घालायला मदत करणारी दुसरी प्रथिनं सोबत देतात. परकी माळ एखाद्या भल्या प्रथिनाच्या पदराला बांधतात. कोविडच्या आरटीपीसीआर तपासणीत लागणारं प्रथिनसुद्धा असंच जंतूंकडून करून घेता येतं. मूळचं ते गरम पाण्याच्या झऱ्यातल्या एका जिवाणूचं.

आता आपल्या कामाच्या चार गोष्टी. आज दुकानात मिळणारं बहुतेक इन्सुलिन जंतूंनी किंवा यीस्टने केलेलं असतं. खोक्यावर "ह्युमन" लिहिलेलं दिसलं तर ते माणसाच्या शरीरातून काढलेलं नव्हे, माणसाच्या इन्सुलिनसारखं तंतोतंत, एवढाच त्याचा अर्थ. काहींवर दुसरी नावं असतात, त्यांत कामाच्या सोयीसाठी एक-दोन मणी बदललेले असतात. इंजेक्शनमध्ये जंतू नसतात, ते मागेच गाळून काढलेले असतात. शंका असेल तर खोकं घेऊन औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारा: "हे कशापासून केलंय?" विचारायला लाजू नका. पण उत्तर मिळेपर्यंत सुई थांबवू नका.

आणि ती घडी आठवा. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर घट्ट होतो, तो परत पातळ होत नाही, कारण त्यातल्या प्रथिनांची घडी मोडते. इन्सुलिनची घडीही उष्णतेने मोडते, गोठल्यानेही मोडते. म्हणून बाटली चुलीजवळ, खिडकीत किंवा बर्फाच्या कप्प्यात नको. घरात फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात ती कशी ठेवायची, ते उपकेंद्रातल्या नर्सताईंना विचारून घ्या.

काकू घरी आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या औषधाचं खोकं घेऊन आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी त्यांना हे सगळं सांगितलं. कात्र्या, पदर, हूक, पिठल्याच्या गुठळ्या. त्यांनी पूर्ण ऐकलं. माळेला हात लावला. मग म्हणाल्या, "विरजणासारखंच म्हणायचं की. मग तेव्हाच का नाही सांगितलंस, बाई?"

माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. काकूंचा अंगठा वाचला, पण जखम भरायला तीन महिने लागले. आता आमच्या गटाच्या वहीत हप्त्यांच्या पानामागे एक पान प्रश्नांचं असतं, आणि पुढच्या बैठकीत आधी ते वाचायचं, मग पैसे मोजायचे असं ठरलंय. तुमच्या गटात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर या महिन्यात तिच्याशेजारी बसा आणि विचारा. बंद तर केलं नाहीस ना? का केलंस?